ओवण्याचा इतिहास

मण्यांच्या अभ्यासाची पुण्यातली परंपरा जुनी आहे. मोरेश्वर दीक्षित यांचा रेखांकित मण्यांवरील इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९४९ साली प्रसिद्ध केला. मात्र उत्खननात मणी मिळतो, दोरा सहसा मिळत नाही. आणि दोरा कुजला की कोणता मणी कोणाशेजारी होता हे कळण्याचा मार्गच खुंटतो. नेवाशाचा अपवाद म्हणूनच मोलाचा वाटतो. तेथे १९५४ ते १९५६ या काळात सांकळिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली. तिच्यातील दोऱ्याचा अंश टिकून होता. त्यात रेशीम आणि कापूस असल्याचे तपासणीत दिसले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी त्या लेकरासाठी सूत कातून माळ ओवली होती!

हे आठवले ते भोर-वेल्ह्यामुळे. (वेल्हे तालुका आता अधिकृतपणे राजगड झाला आहे, आमच्या तोंडी अजून जुनेच नाव येते.) या डोंगराळ मुलखातील कातकरी वस्त्यांवर वयस्कर स्त्रियांच्या गळ्यात काचमण्यांच्या पदरावर पदर दिसतात. मणी बाजारातले वा जत्रेतले, विकत घेतलेले. मग यात आदिवासींचे असे काय, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. परंतु उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी स्त्रियांचे प्रख्यात मणिकामदेखील युरोपातून व्यापारात आलेल्या काचमण्यांवरच बहरले, आणि आज तेथील मणिकार कलावंत म्हणून नावाने ओळखले जातात. रंगांची निवड, पदरांची संख्या, मण्यांचा क्रम हे सारे ओवणारीचे असते. आपल्याकडे तिला कलावंत म्हणताना जीभ अडखळते, हे आम्हांस खटकते.

वस्तुतः मराठीला ओवण्याचे महत्त्व पूर्वीपासून ठाऊक आहे. मंगळसूत्र तुटले असे आपण म्हणत नाही, ‘वाढवले’ म्हणतो. ‘ओवी’ हा शब्दही काही अभ्यासक ‘ओवणे’ या क्रियेशी जोडतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून आरंभ करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्याही गाणारीचे नाव आणि गाव नोंदवून. ज्या बायांच्या शब्दांना आपण साहित्याच्या वर्गात स्थान दिले, त्यांच्याच शेजारणीच्या हातच्या माळेला मात्र ‘दागिने’ या रकान्यात टाकून मोकळे झालो. माळेचीही तशीच नोंद व्हावयास हवी. आणि ती ओवणारीच्या हयातीतच होऊ शकते. नेवाशासारखा योग पुन्हा येईलच असे नाही.

आमच्या वर्गातील एका कातकरी विद्यार्थिनीपाशी आजीच्या माळा आहेत. कोणती कधी घालायची, एवढेच तिला ठाऊक होते. गेल्या दिवाळीच्या सुटीत तिने आजीसमोर बसून एक पदर सोडवला, प्रत्येक मण्याचा रंग क्रमाने वहीत उतरवला आणि आजीकडून तो पुन्हा ओवून घेतला. पाच पदर अजून बाकी आहेत.