कला, कलाशिक्षण आणि जीवशास्त्र : महाराष्ट्रातले अभ्यासक्रम

चित्र-शिल्पासारख्या दृश्यकला, शाळेत त्या शिकवण्याचे प्रशिक्षण आणि सजीवांचे शास्त्र असे हे तीन स्वतंत्र अभ्यासक्रम. महाराष्ट्रात ते तीन वेगळ्या घरांत वाढले. जीवशास्त्र विद्यापीठाकडे राहिले, कला दीर्घकाळ सरकारी खात्याच्या पदविकांवर चालली आणि चित्रकला-शिक्षकाचे प्रशिक्षण तर आजही मुख्यतः पदविकेच्याच पातळीवर आहे. तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्याच्या हातात पेन्सिल असते आणि समोरची वस्तू नीट पाहून कागदावर उतरवणे हेच काम असते. तरीही एका वर्गातल्या विद्यार्थ्याला शेजारच्या वर्गात काय चालते याचा सहसा पत्ता नसतो.

मुंबईत कलाशाळा आणि विद्यापीठ यांचे जन्मसाल एकच आहे, १८५७. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली देऊ केलेल्या एक लाख रुपयांतून कलाशाळेचे वर्ग २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन संस्थेत सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्याच वर्षी १८ जुलैची. ग्रँट मेडिकल कॉलेजला जोडून १८४५ पासून चालत आलेले रुग्णालयही याच दात्याच्या नावाचे. शवविच्छेदन शिकवणारी संस्था आणि मानवाकृती रेखाटायला शिकवणारी संस्था एकाच देणगीदाराच्या नावाने उभ्या आहेत आणि आजही मुंबईकर दोन्हींना नुसते ‘जेजे’च म्हणतो. बोलणारा कोणत्या जेजेबद्दल बोलतो आहे, ते संदर्भावरून ओळखायचे.

कलाशाळेचा सुरुवातीचा हेतू चित्रकार घडवण्याचा नव्हता. चांगले कारागीर आणि आराखडे काढणारे लोक हवे होते. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये इथे शिकवायला आले आणि १८७५ मध्ये लाहोरला गेले. रुडयार्ड या त्यांच्या मुलाचा जन्म याच आवारातला. मधल्या काळात विद्यार्थी इमारतींवरची कोरीव सजावट शिकत होते. शाळेला स्वतःची वास्तू १८७८ मध्ये मिळाली. त्याच सुमारास जवळच बोरीबंदरच्या रेल्वेस्थानकाचे काम सुरू झाले आणि त्याच्या सजावटीला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंती थोडे थांबून पाहाव्यात : खांबांच्या माथ्यावर पाने, वेली, माकडे, मोर. लोकल पकडायच्या घाईत हे कुणाला दिसत नाही, पण वनस्पती आणि प्राणी यांचा इतका मोठा दगडी अभ्यास मुंबईत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

दुसरा मोठा अभ्यास अजिंठ्याचा. शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामाहंगामाने विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत मुक्काम करत आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेत. पेस्तनजी बोमनजी हे त्या चमूतले नाव. हत्ती, हंस, कमळे, फळांनी लगडलेल्या फांद्या यांनी भरलेल्या छतांच्या नकला करताना या मुलांचे निसर्गचित्रणही आपोआप पक्के झाले. त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत जळाल्या.

कलेला विद्यापीठाची पदवी मिळायला मात्र जवळजवळ सव्वाशे वर्षे लागली. शाळा मुंबई विद्यापीठाला जोडली गेली ती १९८१ साली आणि मग ‘बीएफए’ व ‘एमएफए’ सुरू झाले. तोवर ‘जीडी आर्ट’ ही शासकीय पदविका हेच शेवटचे टोक होते. शंकर पळशीकर, वासुदेव गायतोंडे, प्रभाकर बरवे हे सगळे पदविकावाले. त्यामुळे कलेच्या जगात कुणाचे काही अडले नाही; अडले ते नोकरीच्या अर्जात, जिथे ‘पदवीधर’ असा रकाना असतो. १९३५ मध्ये सुरू झालेला व्यावसायिक कलेचा विभाग १९६१ मध्ये वेगळा होऊन सर ज. जी. उपयोजित कला संस्था झाली. १९६५ मध्ये राज्याचे कला संचालनालय निघाले आणि शासकीय कला महाविद्यालये, अनुदानित कलाशाळा व परीक्षा त्याच्याकडे आल्या. २०२३ मध्ये जे. जे.ला ‘डी नोव्हो’ प्रकारातल्या अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. गोव्याचे कला महाविद्यालय पणजीच्या आल्तिनो टेकडीवर १९७२ पासून आहे आणि ते गोवा विद्यापीठाशी संलग्न आहे.

शेजारच्या बडोद्यात गाडे वेगळ्या रुळांवरून गेले. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी, हंसा मेहता कुलगुरू असताना, तिथे ललित कला विद्याशाखा उघडली. चित्रकला विभागाची घडण करणारे नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचे मराठी कलावंत. इथे चित्रकार पहिल्या दिवसापासून विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि विज्ञान शाखा त्याच विद्यापीठात होती. मुंबईला जे १९८१ मध्ये जमले, ते बडोद्याने एकतीस वर्षे आधी केले, असे म्हणता येईल. अर्थात जे. जे.चा वारसा जुना आणि पसारा मोठा. जुन्या वाड्याची डागडुजी नव्या घराच्या बांधणीपेक्षा जास्त वेळ खाते.

आजचा बीएफए चार वर्षांचा असतो. पहिले वर्ष पायाभूत : वस्तुचित्रण, निसर्गचित्रण, रंगसिद्धान्त, द्विमित आणि त्रिमित संकल्पन, अक्षरांकन. पुढे रेखा व रंगकला, शिल्पकला, उपयोजित कला, मृत्तिकाकला, वस्त्रकला, धातुकाम अशा वाटा फुटतात. प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा आहे; तिच्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान तपासले जाते. मुंबईत कलाशाळेची मुले भायखळ्याच्या राणीच्या बागेत फलक मांडीवर घेऊन बसलेली दिसतात. पिंजऱ्यातले जनावर एका जागी थांबत नाही, त्यामुळे एका कागदावर मानेच्या दहा रेषा निघतात आणि त्यातली एखादी बरोबर येते. हालचालीचा असा अभ्यास प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाही, ही खरे तर त्या शास्त्राची उणीव आहे.

कलाशिक्षकाची कहाणी निराळी आहे आणि जरा दुखरीही. जे. जे.मध्ये चित्रकला-शिक्षकांचा वर्ग १८९३ पासून आहे, म्हणजे ही महाराष्ट्रातली शिक्षक-प्रशिक्षणाची जुनी शाखा. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून या आवारात आले, पुढे तिथेच शिकवू लागले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन त्या काळच्या वर्गांचा उत्तम दस्तऐवज आहे. आजची पायरी अशी : कलाशिक्षक पदविका, जिला सगळे ‘एटीडी’ म्हणतात, दोन वर्षांची, तिच्यापुढे ‘एएम’, म्हणजे कला-अध्यापनाची वरची पदविका. रेखाटन-रंगकाम यांच्या जोडीला फलकलेखन, शिक्षणाचे मानसशास्त्र, पाठाचे टाचण आणि खऱ्या वर्गातले सराव पाठ असतात. सराव पाठात साठ मुलांपुढे फळ्यावर एका दमात बैल काढावा लागतो. मुलांकडे पाठ आणि हातात खडू, अशा अवस्थेत शेपटी कुठे संपवायची हे ठरवणे सोपे नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत दृश्यकला-शिक्षणाची पदविका स्वतंत्रपणे नोंदलेली आहे. देशात या विषयाची पदवी देणारी ठिकाणे थोडी. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात कलाशिक्षण या विषयात बीएफए आणि एमएफए आहे, महाराष्ट्रातला एटीडीधारक मात्र पदवीच्या शोधात अनेकदा रंगकलेकडे वळतो.

या शिक्षकाचे गावातले मुख्य काम म्हणजे शासकीय रेखाकला परीक्षा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना राज्यभरातली शाळकरी मुले बसतात. वस्तुचित्रात बादली नि तांब्या, स्मरणचित्रात जत्रा किंवा बसथांबा, संकल्पचित्रात वर्तुळातली नक्षी, शिवाय भूमिती आणि अक्षरलेखन. इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण जादा, ‘बी’ला ५ आणि ‘सी’ला ३. जादा गुणांच्या आशेने येणारी मुले बरीच, पण त्यांतूनच पुढचे कलावंत, वास्तुरचनाकार आणि शिक्षक निघतात.

कायद्याने या शिक्षकाला कुठे बसवले आहे तेही पाहण्यासारखे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा शिक्षक अनिवार्य आहे. कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, आणि तोही पट शंभराच्या वर गेला तर. विज्ञानाच्या शिक्षकाला ‘बीएस्सी, बीएड’ अशी सरळ वाट मिळते. भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत, जिच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र आणि गोवा येतात, दोन्ही पदव्या चार वर्षांत एकत्र मिळण्याची सोय आहे. चित्रकलेच्या शिक्षकासाठी असा एकत्रित मार्ग राज्यात रुळलेला नाही.

जीवशास्त्राकडे पाहिले तर विद्यापीठाचे छत्र सुरुवातीपासून. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि जीवविज्ञान असे विषय पदवी-पदव्युत्तर स्तरावर आहेत. मुंबईची विज्ञान संस्था १९२० मध्ये सुरू झाली. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासूनचे. पश्चिम भारतातल्या वनस्पतींचे वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने तिथे कपाटांतून रचलेले आहेत. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे विद्यापीठाबाहेरचे, पण संशोधन-पदव्यांसाठी विद्यापीठाशी जोडलेले केंद्र. पुण्यात मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाची संशोधन संस्था आहे. कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राहिल्यावर त्यांनी पुण्यातल्या संस्थेची १९४६ मधली उभारणी केली.

आता प्रयोगशाळेतली पेन्सिल. पहिल्या वर्षाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा असतो. ब्लेडने पातळ चकत्या काढून पाण्यात सोडायच्या, त्यातली सर्वांत पातळ निवडायची, सॅफ्रनिनमध्ये बुडवायची, जादा रंग धुऊन ग्लिसरीनच्या थेंबावर ठेवायची, वर काचेचे आवरण. भिंगाखाली काष्ठवाहिन्या लालभडक उठून दिसतात; सूर्यफुलात वाहिनीवृंद गोलाकार ओळीत, मक्यात विखुरलेले. हे जर्नलमध्ये उतरवताना नियम कडक : एचबी पेन्सिल, एकसंध रेषा, छायांकन मुळीच नाही, दाट भाग दाखवायचा तर टिंबे, नावांच्या रेषा उजवीकडे, समांतर, एकमेकींना न छेदणाऱ्या. इंटरमिजिएटला तांब्यावरचा उजेड गडद-फिकट करून ‘ए’ मिळवलेल्या मुलीला इथे पहिल्याच जर्नलवर ‘शेडिंग नको’ असा शेरा मिळतो. दोन्ही शिक्षक आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाला प्रकाशात ती वस्तू कशी दिसते ते हवे, दुसऱ्याला तिची रचना. हा फरक मुलीला कोणीच समजावत नाही, कारण जीवशास्त्राच्या शिक्षकाला रेखाटन शिकवायचे प्रशिक्षण मिळालेले नसते आणि चित्रकलेच्या शिक्षकाने भिंगातून पाहिलेले नसते.

हे दोन हात एकेकाळी एकाच टेबलावर होते. पुण्याजवळच्या दापोडीत, तेव्हाच्या लेखनात दापुरीत, मुंबई सरकारची वनस्पती बाग होती. तिचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका स्थानिक चित्रकाराकडून झाडांची दीडशेहून अधिक रंगचित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती बागेत ‘दापुरी ड्रॉइंग्ज’ या नावाने जपलेली आहेत. २००२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक निघाले. पाकळीची घडी, पुंकेसरांची मांडणी, फळाचा छेद असे सगळे शास्त्रज्ञाला लागणारे तपशील आहेत आणि चित्र म्हणूनही ती देखणी आहेत. गिब्सनचे नाव सगळीकडे आहे, चित्रकाराचे नाही. त्याहून आधीचे उदाहरण मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या १६७८ ते १६९३ दरम्यान निघालेल्या बारा खंडांचे. त्यात मात्र रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचे देवनागरीतले प्रमाणपत्र छापलेले आहे.

विच्छेदनाच्या बाबतीत चित्राचे महत्त्व अलीकडे वाढले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे निर्देश दिले आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतून ते थांबवण्यास सांगितले. बेडूक आणि झुरळ ट्रेमधून गेले. तक्ते, प्रतिकृती आणि संगणकीय चित्रे आली. म्हणजे ज्या चित्रावर आता मुलांची समज अवलंबून आहे, ते काढणारा माणूस हवा. वैद्यकीय महाविद्यालयांत ‘आर्टिस्ट’ हे पद असते आणि कलाशाळेतून शिकलेली माणसे त्यावर काम करतात. विज्ञान महाविद्यालयांत अशा पदाचा विचारही फारसा होत नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेतले वैकल्पिक विषय घेण्याची तरतूद आली आहे. कागदावर प्राणिशास्त्राचा विद्यार्थी रेखाटनाचे श्रेयांक घेऊ शकतो. प्रत्यक्षात बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत चित्रकलेचा शिक्षक नाही आणि बहुतेक कलाशाळांत भिंगही नाही, त्यामुळे वैकल्पिक विषयांच्या यादीत त्या जागी सोपे, वेळापत्रकात बसणारे विषय येतात. बडोद्यासारख्या एकाच विद्यापीठात दोन्ही विद्याशाखा असलेल्या ठिकाणी ही अडचण कमी भासते. मुंबईत जे. जे.पासून झेवियर्सचे हर्बेरियम चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. दोन्हींच्या वेळापत्रकांत मात्र एकमेकांकडे जाण्यासाठी एकही तास राखलेला नाही.