निळ्या फुलांची लाखोळी

छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात. रायपूरलगतच्या उरला येथे आज कारखान्यांची धुराडी दिसतात. परंतु त्या मुलुखाचा खरा इतिहास धानाच्या शेतांतच शोधावा लागतो. धान कापणीस येण्यापूर्वीच शेतकरी त्या ओलसर मातीत एका कडधान्याचे बी फेकतो. त्यासाठी ना नांगरट, ना पाण्याची पाळी. धान निघाल्यावर उरल्यासुरल्या ओलीवर ते तग धरते आणि हिवाळ्यात शेतात निळी फुले डोलू लागतात. तेथे त्याला तिवरा म्हणतात. विदर्भात तीच लाख किंवा लाखोळी.

या वेलीचा चिवटपणा हाच तिचा गुण आणि तिचा शापही. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने 1844 च्या आपल्या ग्रंथात सागर भागातील एका गावाची हकिकत नोंदविली आहे. 1829 मध्ये गारपिटीने, 1830 मध्ये अवर्षणाने व 1831 मध्ये तांबेऱ्याने गहू गेला. त्या ओसाड शेतांत न पेरता उगवली ती लाखोळीच. लोक तिच्यावर जगले. 1833 पासून मात्र तिशीच्या आतील तरुणांचे पाय लुळे पडू लागले. जिने प्राण वाचविले, तिनेच पाय हिरावून घेतले!

थोडीफार लाखोळी खाणाऱ्यास सहसा अपाय होत नाही. महिनोन् महिने तेच मुख्य अन्न झाले, म्हणजे हा रोग जडतो. आणि एकदा लुळे पडलेले पाय पूर्ववत् होत नाहीत. 1961 मध्ये भेसळविरोधी नियमांत तिच्या विक्रीला बंदी करण्याची तरतूद झाली. परंतु स्वतःच्याच शेतातले खाणाऱ्याला कायदा कसा अडविणार? 1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्या दाण्यातील विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. ते पाण्यात विरघळते. म्हणून डाळ भिजवून, उकळून ते पाणी टाकून दिल्यास विष बरेच उतरते. पुढे अल्पविषारी वाणांचा शोध सुरू झाला. 1997 मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे ‘रतन’ आले; रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठानेही ‘महातिवडा’ हे वाण दिले.

तथापि, केवळ बियाणे बदलून हा इतिहास संपत नाही. ज्याच्या ताटात भात, भाजी आणि दूध आहे, त्याला लाखोळीचे भय थोडे. ज्याच्या ताटात दुसरे काहीच नाही, त्यालाच ती पांगळे करते. तेव्हा विष दाण्यात असले, तरी त्याला बळ देते ते दारिद्र्यच होय.