वजन मारण्याआधी बैठक तपासा : हालचाल तपासणी म्हणजे काय?

पांढुर्णा-सौंसरकडची कॉलेजची पोरं भरतीच्या तयारीला लागली, की धावणे आणि जिममधले वजन दोन्ही एकदमच वाढवतात. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटरची धाव असते. ऐन वेळी गुडघा धरला, की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून वजन वाढवण्याआधी अंग नीट वाकते-वळते का, ते पाहावे. यालाच हालचाल तपासणी म्हणतात.

अमेरिकेतील ग्रे कुक आणि ली बर्टन यांची ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’ ही पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्यात ७ चाचण्या असतात. प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण २१. चाचणी करताना दुखले तर थेट ०. मात्र नुसत्या एकूण गुणांवरून दुखापत होईल की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही.

स्वतः करून पाहा. पाय खांद्याइतके फाकवा, काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरा आणि पूर्ण बैठक मारा. टाचा उचलतात? मग टाचांखाली फळी ठेवून बसा. आता जमले, तर घोटा आखडलेला असू शकतो. त्यासाठी भिंतीसमोर पाऊल टेकवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीकडे न्या, प्रत्येक पायाने १० वेळा. गुडघे आत वळत असतील तर वजन उतरवा. गुडघा बोटांच्या रेषेत ठेवून सावकाश बैठका मारा. काही दिवसांनी पुन्हा तपासा. फरक नसेल तर व्यायाम बदला.

दुखत असेल तर मात्र व्यायाम थांबवा आणि आधी डॉक्टरला दाखवा.