काडीतून आलेले वाण: नाशिकच्या द्राक्षजातींचा इतिहास

द्राक्षाचे बी पेरले, तर उगवणारी वेल आपल्या आईसारखी क्वचितच निघते. मण्याचा आकार, सालीचा रंग, गोडी, घड धरण्याची ताकद, सगळ्याचीच नव्याने वाटणी होते. म्हणून द्राक्षाची जात टिकते ती काडीने. पक्व काडीचे तीन-चार डोळ्यांचे तुकडे रोवले की मूळ वेलीचीच हुबेहूब प्रत उभी राहते. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी, निफाड, चांदवड या पट्ट्यातील बागांचा इतिहास हा अशा काड्यांच्या प्रवासाचा इतिहास आहे. या बागांत सर्वाधिक पसरलेले वाण संकर करून घडवलेले नाहीत, ते बागेतच कुणाच्या तरी नजरेस पडले.

दख्खनमध्ये द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेला प्रवासी इब्न बतूता याने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे यांची नोंद केली असून ती वर्षातून दोनदा फळतात असे म्हटले आहे. ही नोंद बारकाईने वाचण्यासारखी आहे. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपी जाते आणि वसंतात जागी होते. येथे तिला झोप लागतच नाही, छाटली की ती फुटते. पुढे दख्खनच्या बागाईतदाराने याच स्वभावाला वळण लावून वर्षाला दोन छाटण्या आणि एक पीक असा क्रम बसवला. उन्हाळ्यात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर येणाऱ्या काडीच्या डोळ्यात, साधारण पुढच्या दोन महिन्यांतच, घड आकार घेतो. ऑक्टोबरमधली गोडी छाटणी तो घड बाहेर काढते. खरड छाटणीनंतर आभाळ गच्च राहिले, तर काडी दिसायला चांगली असूनही आतला डोळा वांझ निघतो. कोणता वाण टिकला आणि कोणता मागे पडला, याचे उत्तर पुष्कळदा या एका गोष्टीत सापडते.

नाशिक परिसरातल्या जुन्या वाणांची नावे आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरली आहेत: भोकरी, फकडी, काळी साहेबी, पांढरी साहेबी, हबशी. सगळी बियांची. भोकरी जाड सालीची आणि भरघोस येणारी. फकडी चवीला बरी, पण उत्पन्नाला हात आखडणारी. साहेबी दिसायला देखणी, पण तिच्या फुलांतले पुंकेसर मागे वळलेले असल्याने त्यांचे परागकण कुचकामी ठरत आणि शेजारी दुसरी जात नसेल तर घडात मणी विरळ धरत. वेली बहुधा पांगाऱ्याच्या जिवंत खुंटावर चढवल्या जात. पांगारा लवकर वाढतो आणि त्याची फांदी लावली की रुजते, म्हणून तारा आणि लोखंडी अँगल नसलेल्या काळात तो स्वस्त आधार होता. नाशिकजवळ ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी १९२५च्या सुमारास द्राक्षलागवड सुरू केली. जिल्ह्यातील व्यापारी द्राक्षशेतीची सुरुवात सहसा तेथूनच मोजली जाते.

वाण सुधारण्याचा शास्त्रीय प्रयत्न मात्र पुण्यात, गणेशखिंडीच्या फळबाग संशोधन केंद्रावर झाला. तेथे डॉ. जी. एस. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीचे खुल्या परागीकरणातून आलेले बी पेरून रोपांमधून निवड केली. रोपांच्या गर्दीतील सातव्या क्रमांकाची निवड पुढे ‘चीमा साहेबी’ म्हणून ओळखली गेली. चीमांच्या हाताची हीच पद्धत डाळिंबातही दिसते. नाशिक जिल्ह्यातील सटाणा, मालेगाव, देवळा या भागांत पुढे लाखो झाडांवर आलेले ‘गणेश’ डाळिंब ही गणेशखिंडीतच १९३६ मध्ये रोपांतून झालेली निवड. द्राक्षात मात्र या मार्गाने फार पल्ला गाठता आला नाही. चीमा साहेबीत बी होते, आणि ग्राहकाला लवकरच बिनबियांच्या द्राक्षाची चटक लागणार होती.

त्याआधी हैदराबादहून ‘अनाब-ए-शाही’ आली. अब्दुल बाकर खान यांनी १८९०च्या सुमारास हैदराबादेत आणलेली ही जात उत्पन्नाला अफाट. तिचा मोठा विस्तार पेलायला पांगारा पुरेना, आणि तिच्याबरोबर मांडवाची पद्धत महाराष्ट्रात रुजली: डोक्याच्या उंचीवर तारांचे छत आणि खाली लोंबणारे घड. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६०च्या आसपास उभा राहिला तो याच धामधुमीत. संघाची चर्चासत्रे आणि शिवारफेऱ्या यांनी पुढच्या पिढीत काडी आणि माहिती दोन्ही फिरवल्या. कदाचित काडी अधिक.

सत्तरच्या दशकात ‘थॉमसन सीडलेस’ने अनाब-ए-शाहीला हटवले. हे नाव अमेरिकन, पण जात पुरातन. पश्चिम आशियातील सुलताना किंवा किसमिस हीच ती. कॅलिफोर्नियातील विल्यम थॉमसन यांनी १८७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका रोपवाटिकेतून तिच्या काड्या मागवल्या आणि तिला त्यांचे नाव चिकटले. तिच्यात बी मुळीच नसते असे नाही. परागीकरण होते, बीज धरू लागते, पण ते अर्धवट राहून विरते. बी कमी म्हणजे बियांतून येणारे वाढीचे संप्रेरकही कमी, म्हणून थॉमसनचा मणी निसर्गतः लहान. कॅलिफोर्नियात पन्नासच्या दशकात जिबरेलिक आम्लाचे प्रयोग झाले आणि बाहेरून दिलेल्या या संप्रेरकाने मणी फुगवता येतो हे सिद्ध झाले. नाशिकच्या बागेत आज ‘जी.ए.चे डिपिंग’ हे शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतात. घड एकेक करून द्रावणात बुडवले जातात. तरीही थॉमसनचा एक दोष राहिलाच. तिच्या काडीच्या बुडाकडील डोळ्यांत घड कमी येतात, आणि खरड छाटणीनंतर ढगाळ हवा पडली की फळधारणेचा भरवसा राहत नाही.

येथून खरी गोष्ट सुरू होते. एखाद्या वेलीच्या एकाच फांदीवर बाकी वेलीपेक्षा निराळे घड दिसतात. मणी लांबट किंवा मोठे, रंग वेगळा, कधी फळधारणा अधिक. डोळ्यातील एखाद्या पेशीत उत्परिवर्तन झालेले असते आणि त्या पेशीपासून वाढलेली संपूर्ण फांदी वेगळी होते. या बदलाला शास्त्रज्ञ डोळ्यातील उत्परिवर्तन म्हणतात, बागाईतदार म्हणतो ‘ही काडी वेगळी आहे’. ती काडी राखून पुढच्या वर्षी स्वतंत्र वेलीवर भरली आणि गुण टिकला, तर वाण तयार. त्याला ना संकराची गरज, ना प्रयोगशाळेची. गरज असते रोज बागेत फिरणाऱ्या माणसाची. छाटणीच्या दिवशी ती फांदी इतर काड्यांच्या ढिगात जाण्याआधी एखाद्याने तिला फडके बांधलेले असावे लागते.

ही घटना द्राक्षापुरती नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात, केलोना गावी, साठच्या दशकाच्या प्रारंभी ‘मॅकिन्टॉश’ सफरचंदाच्या सुमारे पन्नास वर्षांच्या झाडावर एक फांदी सरळ खांबासारखी वाढलेली आढळली. आखूड पेरे, दाट पाने, बाजूच्या फांद्या जवळपास नाहीत. बागमालकाच्या नावाने तिला ‘विजिक’ म्हणतात. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग केंद्राने तिच्याशी संकर करून कुंडीत किंवा अंगणात मावतील अशी स्तंभाकार सफरचंदे काढली. हा स्तंभाकार गुण एका प्रभावी जनुकाचा असल्याने संकरातून येणाऱ्या रोपांपैकी साधारण निम्मी तशी निघतात, आणि पैदासकाराचे काम सोपे होते. जनुकशास्त्राने पुढे दाखवले, की दहाव्या गुणसूत्रावर जागा बदलणारा एक डीएनए-तुकडा शिरल्याने हे घडले. द्राक्षातही त्याच प्रकारचा एक तुकडा सालीच्या रंगाच्या जनुकात बसला, म्हणून पांढरी द्राक्षे पांढरी. निसर्गाच्या या एका खोडीने जगभरच्या बागांना दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिल्या.

महाराष्ट्रात वेगळी काडी निवडण्याच्या या पद्धतीचे पीक सांगली-सोलापूरकडे आधी आले, हे नाशिककरांनी मान्य करायला हरकत नाही. तासगाव भागात वसंतराव आरवे यांनी थॉमसनमधून निवडलेला ‘तास-ए-गणेश’. त्याच्या नावात तासगावचा तास आणि आरवे यांचे अक्षर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधूनच लांबट मण्याचा ‘सोनाका’ काढला. सोलापूर, नान्नज, काळे या तिन्हींची आद्याक्षरे त्यात आहेत. काळ्या किसमिसमधील निवडीतून त्यांचाच ‘शरद सीडलेस’ आला, काळा आणि बिनबियांचा. ‘माणिक चमन’ हाही सोलापूरकडचाच. पैदासशास्त्राच्या पुस्तकांत वाणांना क्रमांक असतात. येथे गावे, घराणी आणि दैवते आहेत. नाशिककडे ‘सुधाकर’, ‘अनुष्का’, ‘मामा जम्बो’ अशी नावे निघाली की जाणकाराला आधी माणूस आठवतो, मग मणी. सांगली-सोलापूरचे वाण नाशिकला पोहोचले ते काड्यांच्या गठ्ठ्यांनी, नातलग आणि पाहुण्यांच्या मार्फत, एका चर्चासत्रातून दुसऱ्या बागेत. जिल्ह्याचे मोठे क्षेत्र, निर्यातीची ओढ आणि १९९१ मध्ये सहकारी संस्थांनी उभारलेल्या ‘महाग्रेप्स’सारखा निर्यातीचा मार्ग मिळाल्याने बाहेरून आलेल्या काडीला येथे मोठे मैदान मिळाले.

सारखेपणाचा धोकाही याच मार्गाने आला. थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका ही नावे वेगळी असली तरी मूळ वेल एकच. एका गोष्टीत बदल झाला, बाकीचे गुण जसेच्या तसे राहिले. भुरी आणि केवडा या बुरशींना बळी पडण्याची सवयही तशीच राहिली. उत्परिवर्तनाने मणी लांबतो, रोगप्रतिकार सहसा येत नाही.

त्यासाठी संकर लागतो, आणि बिनबियांच्या द्राक्षात संकर फार अवघड. आई बिनबियांची घेतली तर तिचे बीज वाढण्याआधीच विरते. १९८०च्या दशकारंभी कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथील शास्त्रज्ञांनी विरण्याआधीच भ्रूण काढून पोषक माध्यमावर वाढवण्याची रीत बसवली आणि बिनबियांच्या दोन वाणांचा संकर शक्य झाला. भारतात सुरुवातीला मार्ग वेगळा होता. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने बियांची आई आणि बिनबियांचा बाप घेऊन ‘अर्कावती’ आणि ‘अर्का नीलमणी’ काढले. दोन्हींत ब्लॅक चंपा आणि थॉमसन यांचा संकर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन द्राक्षरक्त असलेल्या ‘कटावबा’चा ‘ब्यूटी सीडलेस’शी संकर करून ‘एआरआय-५१६’ दिला. तो बुरशीला बऱ्यापैकी टिकतो आणि रसासाठी उत्तम. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा ‘मांजरी मेडिका’ हा ‘पुसा नवरंग’ आणि ‘फ्लेम सीडलेस’ यांचा संकर, तोही रसाचा. शास्त्र उत्तम, पण नाशिकचा बागाईतदार लांबट हिरव्या मण्यावर जगतो, आणि रसाच्या वाणाला बाजार लहान. शास्त्रज्ञाने दिलेले आणि शेतकऱ्याने निवडलेले यांत फरक पडतो तो गुणवत्तेचा कमी, बाजाराचा अधिक.

दुष्काळ आणि खारवट पाणी यांनी नव्वदच्या दशकात वेलीच्या मुळाकडे लक्ष वळवले. अमेरिकन ‘डॉगरिज’ खुंट लावून त्यावर हवा तो वाण चढवण्याची रीत पसरली. जानेवारी-फेब्रुवारीत खुंटकाडी लावायची, पावसाळा सरताना तिच्यावर कलम भरायचे. वाण बदलणे त्यामुळे सोपे झाले. जुनी बाग उपटण्याऐवजी खुंटावर नवी काडी भरली की झाले. वाइनसाठी लागणाऱ्या ‘सोव्हिन्यॉ ब्लाँ’ आणि ‘शेनिन ब्लाँ’ या फ्रेंच वाणांनाही नाशिकच्या जमिनीत अशीच जागा मिळाली.

अलीकडे काडी फुकट फिरेनाशी झाली आहे. युरोपातील खरेदीदार आता पैदासकार कंपन्यांचे संरक्षित वाण मागतात. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्सने ‘अ‍ॅरा’ मालिकेतील वाण परवाना घेऊन आणले. ‘नाशिकची द्राक्षे’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते जागेला आहे, वाणाला नाही. वाणांचे रक्षण करणारा २००१चा कायदा झाडे आणि वेलींना कमाल १८ वर्षांचे संरक्षण देतो. त्याच कायद्याच्या ३९व्या कलमानुसार शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, वापरण्याचा आणि देवाणघेवाण करण्याचा हक्क राहतो, आणि बियाण्याच्या व्याख्येत लावणीची काडीही बसते. परवान्याचा करार मात्र रोपे वाढवून दुसऱ्याला देण्यास मनाई करतो. कायद्यानुसार संरक्षित वाणाच्या वेलीवर सापडलेली निराळी काडीदेखील ‘मूलतः त्याच वाणापासून निघालेली’ ठरू शकते, आणि तिला बाजारात आणण्यासाठी मूळ पैदासकाराची परवानगी लागते.