पंचसूना : स्वयंपाकघरातील पाच साधने

राजघराण्याचा इतिहास लिहावयाचा झाला, तर साधनांची वाण पडत नाही. ताम्रपट असतात, शिलालेख असतात, बखरी आणि तहनामे असतात. परंतु त्या राजाच्या प्रजेने दोन वेळचे अन्न कोणत्या साधनांनी शिजविले, असे विचारले की कागद मुके होतात. जे रोज घडते ते लिहून ठेवण्याची कोणास गरज वाटत नाही.

अशा वेळी एक जुनी यादी अगदी अनपेक्षित ठिकाणी हाती लागते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरी नकळत जीवहिंसा घडते अशी पाच स्थाने सांगितली आहेत. चूल, दळण्या-वाटण्याचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच. त्यांना पंचसूना असे नाव आहे, आणि त्या दोषाच्या परिहारासाठी पंचमहायज्ञ सांगितले आहेत. यादी करणाराच्या मनात पापपुण्याचा हिशेब होता. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरात कशावाचून चालत नसे, याची नोंद त्याने आपल्यासाठी सहजगत्या करून ठेवली. दोष गृहस्थाचा आणि प्रायश्चित्तही गृहस्थाचे. या पाचही ठिकाणी होणारे श्रम मात्र गृहिणीचे होते, आणि त्यांचा हिशेब त्या यादीत नाही. तो आज आपण थोडासा मांडून पाहू.

पाचांतील सर्वांत बोलके साधन म्हणजे दळण्याचा दगड. मोहेंजोदडोच्या घरांतून जे दगड निघाले ते फिरत्या जात्याचे नव्हेत. खोलगट पाट्यावर धान्य पसरायचे, गुडघे टेकून बसायचे आणि दुसरा दगड दोन्ही हातांनी पुढे-मागे रेटायचा, अशी ती रीत होती. पुणे जिल्ह्यातील घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. तेथील तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांतही चुली, धान्य साठविण्याचे बळद आणि दळण्या-वाटण्याचे दगड मिळाले. या दगडाने शरीराचे काय होते, याचा पुरावा सीरियातील अबू हुरेरा या अतिप्राचीन वस्तीतून मिळाला. थिया मॉलेसन या विदुषीने तेथील सांगाडे तपासले, तेव्हा स्त्रियांच्या पायांचे अंगठे, गुडघे आणि कण्याचा खालचा भाग झिजलेला व विकृत झालेला आढळला. रोज तासन्‌तास गुडघ्यांवर बसून दळल्याची ती खूण होती. ज्या श्रमांची नोंद ग्रंथांत नाही, ती हाडांवर उमटून राहिली होती.

पुढे फिरते जाते आले. महाराष्ट्रातील सातवाहनकालीन वस्त्यांत अशा जात्यांचे दगड सापडले आहेत. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मध्ये वैरण घालण्याचे तोंड आणि कडेला लाकडी खुंटा, एवढीच त्याची रचना. पण तिने गुडघ्यांवरचा भार हलका केला आणि दोघींना समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावता येऊ लागला. दख्खनचा काळा पाषाण यासाठी उत्तम. दात झिजले की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावयाची, म्हणजे तेच जाते पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडे.

या जात्यावरच मराठी ओवी वाढली. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेडोपाडी हिंडून सहकाऱ्यांच्या साह्याने लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरी आहे, आणि पहाटेच्या अंधारात एकटीने ओढलेल्या दगडाचे दुःखही आहे. विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावात आली, तेव्हा दळणाबरोबर ओवीही घराबाहेर पडली. याचा खेद करणारे पुष्कळ आहेत; परंतु जात्याची आठवण जात्यावर न बसलेल्यालाच अधिक गोड वाटते. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळू लागली की विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळी, अशी कथा आपण सारे ऐकत आलो. देवाने भक्तासाठी करावयाची थोर सेवा कोणती, असा प्रश्न पडला तेव्हा लोकमानसाला सुचले ते हेच, की त्याने खुंट्याला दुसरा हात लावावा. दळणाचे कष्ट किती होते, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

वाटण्याच्या दगडाचे आयुष्य जात्याहून लांबले. आपला पाटा-वरवंटा हिंदी मुलखात सिल-बट्टा होतो, बंगालात शिल-नोडा आणि तामिळनाडूत अम्मी. देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात बिऱ्हाड मांडलेल्या मराठी गृहिणीला तो नवा वाटला नाही. नाव बदलले तरी मनगट तेच दुखे. त्याला पहिला मोठा पर्याय मिळाला तो विजेच्या बळावर. कोइमतूरमध्ये १९५५ साली पी. सभापती यांनी इडली-दोशाचे पीठ वाटणारे विजेचे यंत्र बनविले, आणि पुढच्या दशकांत मिक्सर घरोघर पोहोचला.

उखळ आणि मुसळ यांची कथा याहून थोडक्यात सांगता येईल. भात कांडण्याचे काम गिरणीने उचलले, आणि मुसळ मुख्यत्वे लग्नघरात घाणा भरण्यापुरते उरले. जे साधन कामातून जाते ते पुष्कळदा विधीत जाऊन बसते. केरसुणीचे मात्र तसे नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिला हळदकुंकू वाहतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्याने केरही काढतात. पाचांत सर्वांत कमी बदललेली तीच.

आता चूल. मातीच्या जुन्या चुलीत एक मोठे शहाणपण होते. शेजारी वैल असे. चुलीतील वाया जाणारी धग आतल्या वाटेने वैलाखाली जाई आणि भाकरी भाजेपर्यंत आमटी ऊन राही. इंधनाची ती बचत आजही कौतुकास्पद आहे. परंतु त्याच चुलीचा धूर गृहिणीच्या डोळ्यांत आणि छातीत जाई, व फुंकणीने त्यावर इलाज होत नसे. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला प्रायमस स्टोव्ह शहरांतून रुळला. त्यामागून गॅस आला, आणि २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी खेड्यांतील कोट्यवधी घरांपर्यंत नेली. शहरातल्या ओट्यापासून खेड्यातल्या चुलीपर्यंत एवढा प्रवास होण्यास शतकाहून अधिक काळ लागला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पाण्याच्या घड्याचेही असेच. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपलेले पाणी बाष्प होऊन उडताना आतील उष्णता घेऊन जाते आणि पाणी गार राहते. ही युक्ती कुंभाराची. माठ भरण्याचे काम मात्र डोक्यावरून घागरी आणणारीचे. मुंबईत विहार तलावाचे पाणी १८६० साली नळाने येऊ लागले. तेव्हापासून घडा किती मोठा याला महत्त्व राहिले नाही. नळ किती दूर याला आले.

या यादीत एक गोष्ट नाही, आणि ती म्हणजे अन्न शिजविण्याचे भांडे. त्याने जीवहिंसा होत नाही म्हणून ते सुटले असावे. परंतु गेल्या दीडशे वर्षांत सर्वांत अधिक बदलले ते तेच. मातीच्या गाडग्यांबरोबर तांब्यापितळेची पातेली आली. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ठोक्याचा नाद वर्षानुवर्षे घुमला. या धातूंत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. त्यावर उपाय कल्हईचा. भांडे तापवायचे, नवसागराने त्याचे अंग स्वच्छ करायचे, आणि २३२ अंशांवर वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचे. कथील पुष्कळसे मलायातून येई. कल्हई हा शब्दच मलाया द्वीपकल्पातील कलह नामक जुन्या बंदराशी अनेक विद्वान जोडतात. आपल्या पातेल्याच्या आतील त्या पांढऱ्या झिलईत समुद्रापलीकडचा व्यापार होता.

ॲल्युमिनियम स्वस्त झाले ते १८८६ च्या विद्युत्-पद्धतीनंतर. मद्रासच्या कला विद्यालयात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली त्याची भांडी घडविण्याचे प्रयोग सुरू केले. न गंजणारे पोलाद शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली तयार केले. त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर अदृश्य पापुद्रा धरतो, म्हणून कल्हई लागत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ही भांडी आपल्याकडे पसरली. बोहारणीने जुन्या कपड्यांच्या बदल्यात ती दारोदार पोहोचविली. घासणे सोपे झाले. पण एक गोष्ट गेली. नाव घातलेला पितळी हंडा हा पुष्कळ स्त्रियांचा एकुलता एक संचय असे. अडचणीच्या दिवशी तो मोडीत वजनावर विकता येई. स्टीलच्या डब्याला तशी किंमत येत नाही.

अखेरची पायरी दाबाच्या भांड्याची. डेनिस पापां यांनी त्याचा पहिला नमुना लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६७९ साली मांडला होता. कलकत्त्याचे इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली एकावर एक डबे रचून वाफेवर शिजविणारा इकमिक कुकर काढला. प्रेशर कुकर मात्र आपल्या देशात १९५९ पासून मोठ्या प्रमाणावर बनू लागला. बंद वाफेचा दाब वाढला की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, आणि तासाची डाळ थोड्या शिट्ट्यांत मऊ होते.

इतकी साधने बदलल्यावर हिशेब कोठे आला? भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. दगडाने गुडघे झिजावयाचे थांबले, धूर पुष्कळसा गेला, कळकण्याची भीती संपली. साधनांनी आपले काम चोख केले आहे. जनाबाईच्या कथेतील खुंट्याला दुसरा हात लावण्याचे काम मात्र कोणत्याही यंत्राच्या स्वाधीन करता येत नाही. ते घरातील माणसांनाच करावे लागेल.