सांडपाणी, नदी आणि माणूस : गाझियाबादच्या निमित्ताने

यमुना आणि हिंडन यांच्यामधील दोआब मराठी वाचकाला परिचित आहे तो मुख्यतः 11 सप्टेंबर 1803 च्या पटपडगंजच्या लढाईमुळे. शिंद्यांच्या कवायती फौजेचा तेथे पराभव झाला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्यानंतर हा प्रदेश आपल्या दृष्टीआड होतो. प्रस्तुत निबंधात त्याच परिसरातील एका वेगळ्या इतिहासाचा, गाझियाबादच्या सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा, विचार केला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु टाकून दिलेल्या पाण्याविषयी समाज कोणत्या शब्दांत बोलतो, हा प्रश्न भाषेचाही आहे.

‘सांडपाणी’ या शब्दात ‘सांडणे’ हे क्रियापद आहे. सांडणे म्हणजे टाकणे, सोडून देणे. पाणी आपण सोडले, एवढेच हा शब्द सांगतो. ते कोठे गेले याविषयी तो मौन पाळतो. हिंदीतील ‘गंदा पानी’ त्या पाण्याचा केवळ गुण सांगते. डोंगरातील लहान वस्तीत हे मौन टिकत नाही. तेथे झरा आणि मोरी एकाच नजरेत मावतात. वरच्या घराचे पाणी खालच्या घराच्या दारात येते. मैदानी नगरात मात्र हे नाते दृष्टीआड होते. हिंडन सहारनपूर जिल्ह्यात शिवालिकच्या पायथ्याच्या प्रदेशात उगम पावते. ती मुख्यतः पावसावर अवलंबून असल्यामुळे एरवी तिचे स्वतःचे पाणी थोडे असते. अशा नदीत शहरांचे व कारखान्यांचे पाणी मिसळू लागले, की नदी आणि नाला यांतील भेद व्यवहारात पुसला जातो.

1993 मध्ये जपानच्या अर्थसाहाय्याने सुरू झालेल्या यमुना कृती योजनेत गाझियाबादचा समावेश झाला. हिंडनच्या दोन्ही बाजूंना, दररोज 7 कोटी आणि 5 कोटी 60 लाख लिटर क्षमतेची, दोन शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. तेथे स्वीकारलेल्या पद्धतीत सांडपाणी टाकीच्या तळातून वर चढते. गाळाच्या थरातील, प्राणवायूविना जगणारे जीवाणू त्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात आणि मिथेनयुक्त वायू निर्माण होतो. विजेचा खर्च कमी, हे या पद्धतीचे आकर्षण होते. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर पुन्हा प्रक्रिया करावी लागते, ही तिची मर्यादा. पुढे 2021 मध्ये महानगरपालिकेने हरित कर्जरोख्यांद्वारे 150 कोटी रुपये उभारले. शुद्ध केलेले पाणी साहिबाबादच्या उद्योगांना विकता यावे, हा त्यामागील उद्देश होता. सांडलेले पाणी अशा रीतीने विक्रेय वस्तू झाले. ‘सांडपाणी’ या शब्दाचे मौन येथे प्रथमच अर्थशास्त्राने मोडले, असे म्हणता येईल.

परंतु या इतिहासाची एक बाजू ना लिटरमध्ये मोजली जाते, ना रुपयांत. 22 ऑगस्ट 2019 रोजी गाझियाबादच्या नंदग्राम भागात भुयारी गटारात उतरलेले पाच कामगार मृत्युमुखी पडले. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास 2013 च्या कायद्याने मनाई केली होती. येथे मराठीतील एका परंपरेचे स्मरण अपरिहार्य ठरते. 1932 मध्ये अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला भंगीकाम करू द्यावे, असा आग्रह धरला. तो नाकारला गेला, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभले आणि येरवड्यात बंदिवान असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या समर्थनार्थ अन्नत्याग केला. मैला कोणी उचलायचा, हा प्रश्न अप्पासाहेबांनी जातीच्या परिघातून काढून सर्वांच्या कर्तव्याच्या कक्षेत आणला. उच्चवर्णीयाने स्वेच्छेने स्वीकारलेले काम आणि जन्मामुळे वा दारिद्र्यामुळे लादले गेलेले काम यांत अंतर आहे, ही टीका रास्तच आहे. तरीही त्या आग्रहामुळे श्रम करणारा माणूस चर्चेच्या मध्यभागी आला, हे नाकारता येत नाही.

शुद्धीकरणाच्या इतिहासात तंत्राची आणि भांडवलाची भाषा आज सुस्थिर झाली आहे. गटारात उतरणाऱ्या माणसाची भाषा मात्र अद्याप त्यात सामावलेली नाही. तिला स्थान मिळत नाही, तोवर पाणी कितीही निर्मळ झाले तरी तो इतिहास अपुराच राहील.