मस्समन : थाई जेवणातले मुसलमानी नाव

थायलंडमधल्या फुकेत बेटावर पातोंग नावाचा प्रसिद्ध समुद्रकिनारा आहे. तिथल्या कुठल्याही हॉटेलात जेवायला बसा, मेनूकार्ड साधारण सारखेच असते. टोम यम सूप, हिरवी करी, पॅड थाई आणि मस्समन करी. पर्यटक हे सगळे ‘अस्सल थाई’ म्हणून आवडीने खातात. पण यातले शेवटचे दोन्ही पदार्थ बाहेरून आलेल्या माणसांबरोबर आलेले आहेत. एकाला देशाने आपले नाव दिले, दुसऱ्याच्या अंगावर मात्र आणणाऱ्यांचेच नाव राहिले. हा फरक कसा पडला, ते पाहण्यासारखे आहे.

मस्समन हे ‘मुसलमान’ याच शब्दाचे थाई रूप आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. करीचा वास घेतला तरी ते पटते. हिरव्या करीत जोर असतो ताज्या मिरचीचा, गवती चहाचा, पाल्याचा. मस्समनमध्ये जिरे, धने, वेलदोडे, दालचिनी, लवंग आणि जायफळ भाजून वाटलेले असते. वास थेट आपल्याकडच्या लग्नातल्या सालनाचा. मात्र त्यात नारळाचे दूध, चिंच, ताडगूळ, फिश सॉस आणि आंबवलेल्या जवळ्याचा गोळाही पडतो. शिवाय बटाटा, शेंगदाणे आणि सुकी मिरची. या तिन्ही वस्तू मूळच्या अमेरिकेतल्या. युरोपीय जहाजे तिकडे पोहोचल्यावर, म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतरच, त्या आशियात आल्या. आपल्याकडे मिरची आणि बटाटा पोर्तुगीजांनी आणला, तोच हा काळ.

थाई भाषेने या सगळ्याची नोंद ठेवली आहे. कोरड्या मसाल्यांना थाईत ‘ख्रुएंग थेत’ म्हणतात. यातला ‘थेत’ म्हणजे आपला संस्कृत ‘देश’. पण अशा जोडशब्दांत त्याचा अर्थ होतो परदेशी. बटाट्याला म्हणतात ‘मन फरांग’, म्हणजे फिरंगी कंद. हा ‘फरांग’ शब्दही फारसी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडून तिथे पोहोचला आणि आजही गोऱ्या पर्यटकाला थाई माणूस फरांगच म्हणतो.

हे व्यापारी तिथे गेले कसे? सतराव्या शतकात सयामची राजधानी अयुथया ही मोठी बाजारपेठ होती. आपल्या दख्खनमधल्या गोवळकोंड्याच्या राज्यातले मच्छलीपट्टण बंदर त्या व्यापाराचे एक टोक होते. तिथून जहाजे बंगालचा उपसागर ओलांडून मेरगुईला जात आणि पुढे माल खुष्कीच्या वाटेने अयुथयाला पोहोचे. या वाटेवर इराणी आणि हिंदुस्थानी मुसलमानांचा चांगलाच जम होता. इराणमधल्या कोम शहरातून आलेला शेख अहमद हा व्यापारी त्या शतकाच्या सुरुवातीला अयुथयात स्थायिक झाला. राजाने त्याला मोठ्या हुद्द्यावर नेमले. मुसलमानांचा प्रमुख म्हणून ‘चुलाराचमोन्त्री’ हे पद त्याच्यापासून सुरू झाले असे मानतात. ते पद आजही थायलंडमध्ये आहे. 1685 मध्ये इराणच्या शाह सुलेमानचे शिष्टमंडळ राजा नारायच्या भेटीला आले. त्या प्रवासाचा फारसी वृत्तान्त उपलब्ध आहे.

शेख अहमदच्या वंशातल्या काही शाखा पुढे बौद्ध झाल्या. बुन्नाग घराणे हे त्यांतलेच. या घराण्यातला चुआंग बुन्नाग 1868 ते 1873 या काळात अल्पवयीन राजा चुलालाँगकोर्नच्या वतीने कारभार पाहत होता. थाई भाषेतल्या सुरुवातीच्या छापील पाककृतींच्या पुस्तकांपैकी सर्वांत गाजलेले पुस्तक लिहिणाऱ्या बाईसुद्धा याच घराण्याच्या सूनबाई. आणि राजा दुसरा राम (कारकीर्द 1809 ते 1824) याच्या नावावर असलेल्या, खाद्यपदार्थांची स्तुती करणाऱ्या नौकागीताची सुरुवातच मस्समनपासून होते. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच ही करी राजवाड्याची झाली होती.

आता पॅड थाई पाहू. परतलेल्या नूडल्स ही चिनी पद्धत. नूडल्सला थाईत जो शब्द आहे तोही चिनी. 1939 मध्ये पंतप्रधान फिबुनसोंगख्रामने सयामचे नाव बदलून थायलंड केले. लोकांनी काय नेसावे, कुठली भाषा बोलावी, याचे फतवे निघाले. त्याच काळात सरकारने नूडल्स खाण्याचा जोरदार प्रचार केला आणि चिनी पद्धतीचा एक पदार्थ थाई राष्ट्राचा पदार्थ ठरला. त्याच सरकारने दक्षिणेतल्या मलायी मुसलमानांच्या वेशावर आणि भाषेवर बंधने घातली. पट्टानीचा हा मुलूख 1909 च्या ब्रिटिश-सयाम करारानंतर सयामकडेच राहिला होता. तिथली जखम भरली नाही. 2004 पासूनच्या हिंसाचारात हजारो माणसे मारली गेली आहेत.

या अशांत जिल्ह्यांपासून दूर असलेल्या फुकेतची गोष्ट वेगळी आहे. कथिलाच्या खाणींमुळे इथे चिनी आले, मलायी मुसलमान तर आधीपासून होते. 2015 मध्ये युनेस्कोने फुकेतला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान दिला, तो या सरमिसळीलाच. कमला आणि बांग ताओ या किनाऱ्यांवर जुनी मुसलमान वस्ती आहे. सकाळी करीबरोबर रोटी मिळते आणि रात्री गाडीवर तीच रोटी केळे आणि कंडेन्स्ड मिल्क घालून मिळते. शेजारच्या फांगङा उपसागरातले को पान्यी हे खांबांवर वसलेले मुसलमान कोळ्यांचे गाव आहे. जावाहून आलेल्या दर्यावर्दींनी ते वसवले असे सांगतात. दुपारी पर्यटकांच्या होड्या मासळीच्या जेवणासाठी तिथेच थांबतात.

पातोंगला मी एका हॉटेलात मस्समन मागवली, तेव्हा वेटरने अदबीने विचारले, चिकन, बीफ की पोर्क? मुसलमानाच्या नावाची करी आणि तीही डुकराच्या मांसाची! मी नावाचा अर्थ सांगितला तर तो मनापासून हसला. त्याला ते ठाऊकच नव्हते. मला राग आला नाही. नाव इतके घरचे झाले होते की त्यातला माणूस कुणाला दिसेनासा झाला होता. खाण्याची पथ्ये पाळणाऱ्या वाचकांनी मात्र तिथे नावावर न जाता दारावरची हलालची खूण पाहावी.

2011 मध्ये सीएनएनच्या जगातल्या चविष्ट पदार्थांच्या यादीत मस्समन पहिली आली आणि साऱ्या थायलंडने अभिमान मिरवला. त्यात गैर काही नाही, चारशे वर्षांत ती थाई झालीच आहे. माझे म्हणणे एवढेच की, जो न्याय करीला मिळाला तो माणसांनाही मिळावा. रश्श्याला आपले म्हणणाऱ्या देशाने तो रस्सा आणणाऱ्यांच्या धर्मभावांना परके का म्हणावे? ‘बाहेरचे’ आणि ‘आपले’ अशी वाटणी करणाऱ्यांनी, ते फुकेतचे असोत की आपल्याकडचे, आधी स्वतःच्या ताटातला एकेक पदार्थ उचलून तो कुठून आला ते विचारावे. मिरची आणि बटाटा बाजूला काढून ठेवल्यावर ताटात किती उरते, हेही पाहावे.